चोवीस तासांची वांटणी

आपल्या पूर्वजांनीं अहोरात्राच्या साठ घटका मानल्या. आज चोवीस तास मानतात. राव असो वा रंक, पदरीं पडणारी ठेव तेवढीच. ती खर्चण्याचा अधिकार मात्र सर्वांना सारखा नसतो.

सातारा-सांगलीकडील कुणब्याचा दिवस पूर्वीं सूर्याच्या हातीं असे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं औंध संस्थानांत, कुंडलजवळच्या माळावर कारखाना थाटला आणि किर्लोस्करवाडीच्या कामकऱ्यांस घड्याळाबरहुकूम चालण्याची संवय लागली. शेतकऱ्याचे तास पुढें विजेच्या ताब्यांत गेले. शेतीपंपाची वीज पाळीनें येते. रात्रीची पाळी आली, कीं कृष्णाकांठचा ऊसवाला हातीं बॅटरी घेऊन दारें धरावयास निघतो. पायाशीं साप-किरडूं, आणि शिराळ्याकडे तर उसांत बिबट्याचेंही भय. झोप दुपारीं, मिळाली तर! 'दिवसा वीज द्या' ही मागणी वस्तुतः झोपेचीच मागणी आहे, हें शहरांतील सुखवस्तु मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

आणि त्याच घरांतील स्त्री? केंद्र सरकारनें २०२४ सालीं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाला सरासरी ३०५ मिनिटें खर्चीं पडलेलीं दिसलीं. २०१९ च्या पाहणींत हाच आंकडा ३१५ होता. पांच वर्षांत दहा मिनिटांची सुटका! मुलांचें संगोपन व आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत स्त्रियांचीं १४० मिनिटें, तर पुरुषांचीं ७४. भांगलणीस जाणारी बाई हीं मिनिटें पहाटेच्या अंधारांतून आणि रात्रीच्या झोपेंतून काढते. दुसरीकडे कोठें शिल्लकच नसते.

कडेगांव तालुक्यांतील मोहित्यांच्या वडगांवानें २०२२ सालीं एक प्रयोग आरंभिला. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा आणि घरोघरचे मोबाईल व टीव्ही दीड तास बंद राहून मुलांनीं अभ्यासास बसावें, असा गांवानें ठराव केला. प्रारंभीं आशा सेविका आणि निवृत्त शिक्षक त्यासाठीं दारोदार फिरले. उपक्रम निःसंशय स्तुत्य. परंतु सातची वेळ ही भाकरीचीही वेळ असते. मुलाच्या हातीं पुस्तक आलें, तरी आईचे हात पिठांतच. रिकामा झालेला बाप मुलाजवळ बसला, हें उत्तमच. पण एखादे दिवशीं त्यानें परात पुढें ओढली, तर त्या पुस्तकाचें पान आईलाही पाहावयास मिळेल.