झाडावरून पडलेलं पिल्लू : उचलावं की राहू द्यावं?



सोलापूरकरांना वैशाखाचं ऊन सांगायला नको. चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी पत्र्याच्या शेडखाली साळुंक्या, चिमण्या घरटी करतात. पत्रा तापला की पिल्लं घरट्याच्या काठाकडे सरकतात आणि खाली येतात. शिवारात वळवाचं वारं सुटलं की लिंबाखाली, बोरीखाली तोच प्रकार. पोरं पिल्लू उचलून घरी आणतात, दूध-भात भरवतात आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ते मरतं. पोरांची माया खरी, पण दुधावर पाखरू जगत नाही.

तेव्हा आधी पिल्लाच्या अंगाकडे बघा. पिसं आलेली आहेत, शेपूट आखूड आहे आणि ते टुणटुण उड्या मारतंय, तर बहुधा ते उडायला शिकतंय. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात. आई-बाप झुडपात येऊन त्यांना चारतात. असं पिल्लू उचलू नये. मांजर-कुत्रं फिरत असेल तर तिथल्याच झुडपात, उंचशा फांदीवर ठेवावं आणि बाजूला व्हावं.

अंग उघडं, डोळे मिटलेले असतील तर मात्र ते खरंच पडलेलं आहे. घरटं सापडलं आणि हात पोचला तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की पाखरं पिल्लू टाकतात, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. घरटं मोडलं असेल तर जुनी लहान टोपली घ्या, पाणी निघून जाईल अशी भोकं असू द्या, वाळलं गवत अंथरा आणि त्याच झाडाला सावलीत बांधा. मग वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन तास-दोन तास नजर ठेवा. भोवती माणसं उभी राहिली तर आई येणार नाही, बरं का!

चोचीत पाणी ओतू नका. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं तोंड असतं. एक थेंब आत गेला तरी पिल्लू गुदमरतं.

माळावर टिटवीचं पिल्लू दिसलं तर तो निराळा मामला. टिटवी जमिनीवरच अंडी घालते. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच चालू लागतात आणि आईने ओरडून इशारा दिला की ढेकळासारखी दबून बसतात. ते अनाथ समजून उचलाल तर चोरीच केल्यासारखं होईल! आपल्याच जिल्ह्यातल्या नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तो माळढोकही उघड्या जमिनीवरच अंडं घालतो.

यात आपला काय फायदा, असं कुणी विचारील. चिमणी दाणे खाते हे खरं, पण पिल्लांना ती मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो, ते कोतवाल, साळुंकी यांनी येऊन बसावं म्हणूनच ना? गव्हाणी घुबड तर रात्रभर उंदीर मारतं, आणि त्याच्याच पिल्लाला अपशकुनी म्हणून दगड बसतात. ते खाली पडलेलं दिसलं तर जाड पोतं टाकून धरा, नखं फार तीक्ष्ण असतात.

पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा मांजराने नुसतं धरलं असेल, तरी घरगुती उपाय नकोत. मांजराच्या दाताची जखम बाहेरून दिसत नाही, पण आत चिघळते. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा किंवा जनावरांच्या दवाखान्यात न्या. राघूचं पिल्लू असेल तर पिंजरा आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळणं गुन्हा आहे. नेताना पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी फडकं घाला, झाकण लावा. अंधारात पाखरू शांत राहतं. खोकं उन्हात ठेवू नका, आणि पोरांना सारखं उघडून बघू देऊ नका.