फोटोमागचं नाव



मागच्या बैठकीला आम्ही बचत गटातल्या प्रत्येकीला घरातला एक जुना फोटो आणायला सांगितलं होतं. पत्र्याच्या पेटीतून, कपाटातल्या साड्यांखालून फोटो निघाले. जत्रेतल्या तंबूत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेले. मागे ताजमहाल, पुढे नऊवारीतली बाई. दोघी-तिघींनी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटही आणल्या.

फोटो कुणी काढला, ते कुणालाच सांगता येईना. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. त्यातल्या डॉ. नारायण दाजींसारख्यांची नावं इतिहासात आहेत. आपल्या जत्रेतल्या फोटोवाल्याचं नाव कुठेच नाही.

पण आम्ही खरे अडलो ते एका घरच्या फोटोपाशी. त्यातल्या पुरुषांची नावं पटापट आली. कडेवर लेकरू घेतलेली बाई कोण? "आमच्या आजेसासूबाई." नाव काय? सगळ्या गप्प. शेवटी गटातल्या थोरल्या मावशींनी सांगितलं. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं. दोन्ही त्यांना पाठ होती. त्या दिवशी मावशी आल्या नसत्या, तर ती बाई कायमची बिननावाची झाली असती.

म्हणून चार गोष्टी करूया. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हात हलका ठेवून, नाव, गाव आणि साल लिहायचं. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तो फोटो पाकिटात ठेवून पाकिटावर लिहायचं. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावायची नाही, तिचा डाग पडतो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही. काचेवरूनच मोबाईलमध्ये टिपून घ्यायचा. कॅसेटला पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनमध्ये घालायची नाही, जाणकाराला दाखवायची. चांगली असेल तर लवकर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची. चुंबकीय फीत वर्षानुवर्षं टिकत नाही.

आणि बाईचं नाव लिहिताना "अमक्याची बायको" एवढ्यावर थांबायचं नाही. माहेरचंही नाव विचारायचं.

आमच्या गटाचा पहिला फोटो कार्यालयात लावलेला आहे. त्यात आम्ही अकरा जणी आहोत. मागे पाहिलं तर कोरं! त्याच दिवशी अकरा नावं लिहिली. बारावं लिहिलं ते आमचा फोटो काढणाऱ्या मुलीचं.

आज घरी गेल्यावर थोरल्या बाईजवळ फोटो घेऊन बसा. विचारायला उद्यावर ठेवू नका.