उडी मारण्याआधी रोलबॅक: पार्कोर आणि क्लायंबिंगचं नातं

इअरफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

तुमच्यापैकी जे क्लायंबिंग वॉलवर जातात, त्यांनी हे वाक्य नक्की ऐकलं असेल. "हे काय क्लायंबिंग आहे का? हे तर पार्कोर झालं!" कुणीतरी धावत येतं, भिंतीवर एक पाय मारतं, झेप घेऊन लांबची पकड धरतं, आणि मागे बसलेला एखादा जुना गडी तोंड वाकडं करतो. पार्कोरवाले पण काही कमी नाहीत. त्यांच्या मते क्लायंबर म्हणजे भिंतीला चिकटून विचार करत बसणारा माणूस.

मी दोन्ही करतो. सोमवार ते शुक्रवार खुर्चीत बसून कोड, शनिवार-रविवार हातपाय. आणि मला वाटतं की हे दोन्ही खेळ एकाच प्रश्नाशी झटत असतात. जी हालचाल एकदा सुरू केली की मागे फिरता येत नाही, तिची तयारी कशी करायची?

आधी थोडा इतिहास, कारण तो भारी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज एबेर नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने व्यायामाची एक पद्धत मांडली. चालणं, पळणं, उडी, रांगणं, तोल सांभाळणं, पोहणं अशा दहा प्रकारच्या नैसर्गिक हालचाली. त्यात चढणंसुद्धा होतं. या पद्धतीवरून फ्रेंच सैन्यात अडथळ्यांच्या शर्यतीचं प्रशिक्षण आलं. त्यात तयार झालेला रेमों बेल पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेला. त्याचा मुलगा दाविद बेल आणि त्याचे मित्र यांनी पॅरिसच्या दक्षिणेला, लिस नावाच्या उपनगराच्या परिसरात जे सुरू केलं, ते पार्कोर.

आता गंमत ऐका. लिसजवळ तळ्याकाठी 'दाम द्यू लाक', म्हणजे 'तळ्याची बाई', नावाचं एक प्रचंड काँक्रीटचं शिल्प आहे. पार्कोरवाल्यांसाठी ती जागा म्हणजे पंढरीच. पण १९७० च्या दशकात पिएर सेकेली या शिल्पकाराने ते बनवलं ते मुळात लोकांनी चढावं म्हणून! आणि तिथून आणखी दक्षिणेला गेलात की फोंतेनब्लोचं जंगल लागतं. वालुकाश्माचे मोठमोठे धोंडे. पॅरिसचे गिर्यारोहक शंभराहून जास्त वर्षं तिथे सराव करतायत. आज आपण ज्याला बोल्डरिंग म्हणतो, ते तिथेच वाढलं. म्हणजे हे दोन खेळ अगदी शेजारी-शेजारीच मोठे झालेत.

आता मुद्द्यावर येऊ. क्लायंबिंगमध्ये दोन प्रकारच्या हालचाली असतात. एक स्टॅटिक. हळूच हात वर न्यायचा, पकड चाचपायची, नाही पटली तर हात परत जुन्या जागी. दुसरी डायनो. दोन्ही हात सोडून झेप. एकदा झेपावलात की जुनी पकड गेली. पार्कोरमध्येही हेच. कठड्याला लटकून उतरताना मधेच थांबता येतं. पण कॅट लीप, म्हणजे समोरच्या भिंतीवर झेपावून पाय भिंतीला टेकवायचे आणि हातांनी वरची कड धरायची, त्यात मधेच थांबणं नाही.

डायनो आणि कॅट लीपमागचं फिजिक्सही एकच आहे. वर उडालेलं शरीर सगळ्यात उंच बिंदूवर क्षणभर थांबतं, वेग शून्य. क्लायंबर त्याला डेडपॉइंट म्हणतात. त्याच क्षणी पकड धरली तर हाताला झटका कमी बसतो. उशीर झाला, की खाली येणारं सगळं वजन बोटांना थांबवावं लागतं.

आमच्या कामात एक नियम आहे. नवीन कोड लाइव्ह करण्याआधी विचारायचं, बिघडलं तर मागे कसं यायचं? त्याला आम्ही रोलबॅक म्हणतो. जिथे रोलबॅक नाही, तिथे टेस्टिंग दहापट. दोन्ही खेळांतले मुरलेले लोक नेमकं हेच करतात.

रोलबॅकचं पहिलं रूप म्हणजे उतरणं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कातळ चढून जाणारे खूप असतात, पण उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही आणि घसाऱ्यावर भल्याभल्यांची तंतरते. रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती गोष्टही कडा उतरण्याचीच आहे ना? म्हणून जिममध्ये बोल्डर पूर्ण झाला की वरून थेट उडी टाकू नका, जमेल तेवढं उतरून या.

दुसरं रूप म्हणजे लँडिंग. इथे क्लायंबरांनी पार्कोरकडून शिकावं. साधं गणित बघा. दोन मीटरवरून पडलात तर जमिनीला टेकताना वेग ताशी साधारण २२ किलोमीटर. पाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर तुमच्या वजनाच्या साधारण २० पट जोर पायांवर येतो. गुडघे-कंबर वाकवत ५० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर चार-पाच पट. पार्कोरवाला पहिल्या दिवसापासून हेच घोटतो, आधी चवडे, मग गुडघे, मग रोल. क्लायंबर मात्र गादी आहे म्हणून कसाही पडतो आणि घोटा मुरगळून बसतो.

उलट बाजूला पार्कोरवाल्यांनी क्लायंबरांकडून बोटांचा संयम शिकावा. स्नायू काही महिन्यांत तयार होतात, पण बोटांच्या शिरांना आणि त्या धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांना खूप जास्त वेळ लागतो. पुलअप्स भरपूर निघतात म्हणून पहिल्याच महिन्यात बारीक कडांवर लटकायला गेलात, तर बोट कायमचं कुरकुरत राहील.

मग ते भांडण? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते जगासमोर आलं. महिलांच्या फायनलमध्ये पहिल्या बोल्डरची सुरुवातीची पकडच उडी मारून धरायची होती. जपानची आई मोरी, उंची १५४ सेंटिमीटर, पुन्हा पुन्हा उडी मारत राहिली आणि तिथपर्यंत पोहोचलीच नाही. त्या बोल्डरवर शून्य गुण. दोरावरच्या लीड प्रकारात फायनलमधली सगळ्यात चांगली चढाई तिचीच होती, तरी ती चौथी आली.

माझा आक्षेप उडीला नाही. उडी क्लायंबिंगचाच भाग आहे. पण पार्कोरचा जीव कशात आहे? अडथळा समोर आला की आपल्या शरीराला जमेल तो रस्ता शोधण्यात. जिथे एकच रस्ता ठेवलाय आणि तोही उंचीवर ठरतो, तिथे झेप उचलली पण पार्कोरचा आत्मा बाहेरच राहिला, असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता तुमच्या-माझ्या गच्चीवर येऊ. माझा मामेभाऊ अकरावीत आहे. त्याला दोन गच्च्यांमधून उडी मारायची होती. म्हणाला, "दादा, फक्त सात फूट आहे. तू नुसता व्हिडिओ काढ." मी म्हटलं, आधी पार्किंगमध्ये चल. खडूने सात फूट आखले. धावत येऊन उडी मारायची, दोन्ही पाय रेषेवर, तोल न जाता. अशा वीस उड्या. त्यातल्या बारा नीट पडल्या, आठ वेळा तोल गेला. मी त्याला एवढंच विचारलं, "या आठांपैकी एक वर झाली असती तर?" तो काही बोलला नाही. वर गेलाही नाही. हल्ली पार्किंगमध्ये रोज रेषेवर उड्या मारतो, वॉचमन काका मोजतात.

तर या आठवड्याचा गृहपाठ. खडू घ्या, सपाट जमिनीवर चार फुटांपासून सुरू करा. वीसपैकी वीस नीट पडल्या की अर्धा फूट वाढवा. कमरेएवढ्या कट्ट्यावरून आधी उतरायला शिका, उडी नंतर. पावसाळ्यात शेवाळलेल्या गच्चीवर आणि खिडकीवरच्या सज्ज्यांवर काहीही करू नका. सज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो, तुमची उडी झेलायला नाही.

वीसपैकी किती पडल्या ते मला व्हॉइस नोटवर सांगा, आकडा खरा सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!