ट्रॅक्टरवरील एकच आसन

आर्द्राचा पाऊस बरसून गेला की बालाघाट जिल्ह्यातील बांध्या पाण्याने भरतात आणि चिखलणीला आरंभ होतो. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. परंतु त्या तांदळाच्या चिखलात आता बैलजोडीपेक्षा ट्रॅक्टरचीच चाके अधिक फिरतात. बैल ओळखीच्या मुलाला पाहून थबके. यंत्राला ती ओळख नाही. संसारात आलेल्या या नव्या सोबत्याचा स्वभाव म्हणूनच घरातील प्रत्येकाने जाणून घेतला पाहिजे.

ट्रॅक्टरवर आसन एकच असते. असे असता रोवणीच्या दिवसांत मडगार्डवर मूल बसवून शेताकडे निघालेला बाप गावोगाव दिसतो. त्यात निष्काळजीपणापेक्षा कौतुकच अधिक असते. पण धुऱ्यावरून चाक उतरताना बसणारा एक हिसका त्या कौतुकाचा घात करण्यास पुरेसा होतो. मडगार्डवरून घसरलेले मूल थेट मोठ्या चाकापुढे पडते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत चाक पुढे गेलेले असते.

दुसरा धोका चिखलातला. मागची चाके रुतून जखडली आणि चालकाने जोर लावला, तर चाके फिरत नाहीत. उलट ट्रॅक्टरचे धूडच आसाभोवती फिरू लागते, पुढची चाके उचलली जातात आणि दीडएक सेकंदात यंत्र चालकावर उलटते. रुतलेल्या चाकाखाली लाकूड बांधून जोर लावण्याची युक्ती यासाठीच घातक होय. अशा वेळी मागे घेऊन पाहावे. तेही न साधल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावे. स्वीडन देशाने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची केली. मात्र ही चौकट आसनाला पट्ट्याने बांधलेल्या चालकालाच तारते. मडगार्डवरच्या मुलाला तिचा आधार नाही.

तिसरा धोका फिरत्या दांड्याचा. अवजाराला शक्ती देणारा हा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. ओढणीचे टोक त्यात अडकले तर हात सोडवण्यास अवसर उरत नाही. त्यावरील आवरण कधीही काढू नये आणि इंजिन बंद केल्याविना कोणी जवळ जाऊ नये.

ट्रॉलीची कथाही निराळी नाही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूरजवळ जावळाहून परतणाऱ्या कुटुंबांची ट्रॉली पाण्यात उलटून पंचवीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजूर स्त्रियांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात जणींचा अंत झाला. ट्रॉली धान्याच्या पोत्यांसाठी आहे, वऱ्हाडासाठी नव्हे.

पोरसवदा मुलाच्या हाती चाक देणे हाही पुरुषार्थ नव्हे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. अमेरिकेत शेतांतून व रानवाटांतून धावणाऱ्या चारचाकी दुचाकीवजा गाड्यांविषयीही तेथील बालरोगतज्ज्ञांची संस्था हेच बजावते: सोळा वर्षांखालील मुलाने त्या चालवू नयेत.

प्रश्न उरतो तो इतकाच, की आईबाप दोघेही बांधीत उतरले असता मुलाने राहावे कोठे? रोवणी जशी परस्परांच्या मदतीने उरकते, तशीच मुलांची राखणही वाटून घेता येईल. एका घरची आजी चार घरांची पोरे अंगणात सांभाळू शकते. तिच्या वाट्याची रोवणी त्या चार घरांनी उरकावी. ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी चालकाने खाली उतरून भोवती एक फेरी मारावी आणि काम संपताच किल्ली काढून उंचावर ठेवावी. याला पैसा लागत नाही. पीक एका हंगामी बुडाले तर पुढल्या हंगामी पुन्हा पेरता येते. मुलाच्या बाबतीत तशी सोय निसर्गाने ठेवलेली नाही.