माळ्यावरच्या कॅसेटी उतरवा



आज कवितेवर बोलणार नाही, व्हिडिओ कॅसेटवर बोलणार आहे. हसू नका. नामांतराचे मोर्चे, चैत्यभूमीवरची ६ डिसेंबरची गर्दी, शाहिरांचे कार्यक्रम, असलं बरंच काही भाड्याच्या कॅमेऱ्यानं टिपलं गेलं. त्या व्हीएचएस कॅसेटी आज माळ्यावर, खाटेखाली पडून आहेत. प्रस्थापितांचा इतिहास एसीच्या खोलीत. आपला पत्र्याखाली शिजतोय.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. टँकर पेटवणार होते म्हणून गोळ्या घातल्या, असं सांगितलं गेलं. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. पण १९८५ च्या ‘हमारा शहर’ या फिल्ममध्ये त्यांचा आवाज आहे. पुढं २०११ साली आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ आली. चौदा वर्षं! चित्रण धड राहिलं म्हणून ती उभी राहिली. आपल्या घरातलं किती धड आहे?

फीत म्हणजे पॉलिएस्टरची पट्टी. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर. तिच्यावर चुंबकीय कण एका लेपानं धरून ठेवलेले. दमट हवेनं तो लेप सडतो, चिकट होतो आणि व्हीसीआरच्या हेडवर खरवडून निघतो. हेडला ते जे काळं लागतं ना, तो आपला मोर्चा असतो.

तेव्हा माळा सोडा. माळा सगळ्यात तापतो. जमीनही नको, मुंबईत पाणी कधी घरात शिरेल नेम नाही. भिंतीला न टेकणारं मधलं फळकूट बरं. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवा, आडवी थप्पी नको. डबीत सिलिका जेलची पुडी टाका, रंग बदलला की बदला. डांबरगोळी अजिबात नको. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. फीत अर्धवट सोडू नका, एका टोकापर्यंत गुंडाळलेली असू द्या. कडेची प्लास्टिकची चकती मोडून टाका. नाहीतर मोर्च्यावर कुणाच्या तरी लग्नाची वरात चढते, असं झालंय राव!

पण कितीही जपा, हे सगळं मुदत वाढवून घेणं आहे. व्हीसीआर बनवणं जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली थांबवलं, तेव्हा ती शेवटचीच उरली होती. यंत्र चालतंय तोवर कॉम्प्युटरवर उतरवा. दोन हार्डडिस्क, दोन वेगळ्या घरांत. नुसतं यूट्यूबवर टाकून निजू नका, एका तक्रारीवर व्हिडिओ उडतो.

आणि त्यावर लिहा. कोण बोलतंय, कुठली वस्ती, कुठलं साल. घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, चेहरे तेच ओळखतात.

येत्या रविवारी विहारात व्हीसीआर लावतोय. कॅसेटी घेऊन या. खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर घरी लावून बघू नका, यंत्रातून ती दुसऱ्या कॅसेटीला लागते. वेगळ्या पिशवीत बांधून आणा.