लेझरला सोसेल इतकाच दाब

लाकडी पाट्यांवर नावे कोरणारे लहान लेझर यंत्र शेलूसारख्या गावातील एखाद्या गाळ्यातही बसू शकते. परंतु नियंत्रकाच्या संकेताच्या तारेवर किती व्होल्ट येतात आणि लेझरला किती सोसतात, हा आधी विचारावयाचा प्रश्न बहुधा लेझर जळाल्यावरच विचारला जातो.

जवळच भिवपुरीच्या वीजगृहात 1922 पासून ठोकरवाडी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून नळांतून उतरून जनित्रे फिरवते आणि तेच पुढे पेज नदीत येऊन राजनाल्याच्या कालव्याने भाताला मिळते. पाणी एकच, मात्र नळातला दाब थेट वाफ्यात सोडला, तर रोपांसह वाफाच वाहून जाईल. लेझर डायोडच्या मॉड्यूलला अनेकदा तीन तारा असतात: 12 व्होल्टच्या पुरवठ्याची, ग्राउंडची आणि संकेताची. पहिली जनित्राकडे जाणारी, तर तिसरी वाफ्याकडची, आणि तिला सहसा 5 व्होल्टच अपेक्षित असतात. ‘लेझर 12 व्होल्टचा आहे’ एवढे ऐकून तिसऱ्या तारेवरही 12 व्होल्ट देणे याला निष्काळजीपणाच म्हणावे लागेल.

नियंत्रकाचा संकेत 24 व्होल्टचा असल्यास तो उतरवण्यासाठी 3.9 किलोओहम आणि 1 किलोओहम असे दोन रोध एकापुढे एक जोडून, ग्राउंडकडील लहान रोधावरचा दाब घेतल्यास सुमारे 4.9 व्होल्ट मिळतात. परंतु लेझरने स्वतः प्रवाह ओढला, तर हा आकडा घसरतो, म्हणून मापन जोडणीपूर्वी आणि जोडणीनंतरही करावे लागते.

पाणी कमी पडले, तरी कालव्याच्या टोकाचे शेत कोरडेच राहते. ईएसपी 32 हा नियंत्रक 3.3 व्होल्ट देतो. टीटीएल पद्धतीच्या प्रवेशाला 2 व्होल्टच्या वरचा संकेत ‘चालू’ म्हणून पुरतो, पण 5 व्होल्टवरील सीमॉस प्रवेशाला साधारण 3.5 व्होल्ट लागत असल्याने तेथे लेझर कधी पेटेल, कधी पेटणार नाही, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी मारला जाईल.

पुन्हा सांगणे भाग आहे, कारण हेच नेमके विसरले जाते: पुरवठ्याचा दाब निराळा, संकेताचा निराळा. नियंत्रक सुरू होत असताना संकेताची तार क्षणभर अधांतरी राहून लेझर आपोआप पेटू शकतो. ती ग्राउंडकडे ओढून धरणाऱ्या रोधाविषयी सविस्तर सांगण्यास आता अवधी उरलेला नाही. श्रोत्यांनी एवढे तरी करावे: संरक्षक चष्मा लावावा, लेझर सुटा ठेवून संकेताच्या तारेवर मल्टिमीटर धरावा, आणि आकडा वाचल्याशिवाय तार जोडू नये.