लोहचुंबकाची परीक्षा आपल्या हातानें करा
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें दिलेलें व्याख्यान)



आमच्या पिशवींत दोन लोहचुंबक, एक शिवणाची सुई, कोरा कागद आणि लोहाराच्या कानशीखालचा मूठभर कीस आहे. एवढ्या सामानावर जें कळेल तेंच आम्ही सांगणार आहों. आम्ही सांगतों म्हणून खरें मानूं नका. घरीं जाऊन करून पाहा.

परवां एका आठवड्याच्या बाजारांत एक म्हातारी मजूर बाई गुडघेदुखीसाठीं चुंबकाचें कडें घेतांना आम्हीं पाहिली. विकणारा सांगत होता, "रक्तांत लोखंड असतें, तें हें कडें ओढतें, म्हणजे रक्त फिरूं लागतें." बाईनें दोन दिवसांची मजुरी मोजली. त्या कड्यासाठींच आजचें हें बोलणें.

चुंबक लोखंडाला ओढतो. पितळेच्या तांब्याला किंवा लांकडाला ओढीत नाहीं. त्याला दोन टोंकें असतात. दोऱ्यानें आडवा टांगला म्हणजे जें टोंक उत्तरेकडे वळतें तें उत्तर टोंक, दुसरें दक्षिण टोंक. सारखीं टोंकें एकमेकांस लोटतात, विरुद्ध टोंकें ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी टोंकांची वांटणी होत नाहीं. प्रत्येक तुकड्याला पुन्हां दोन्ही टोंकें असतातच.

आतां चुंबकावर कागद ठेवा, वर कीस भुरभुरवा आणि कागदाला टिचकी मारा. कीस एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत कमानी करून बसतो. चुंबकाचा अंमल जेवढ्या जागेंत चालतो तिला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. तें डोळ्यांना दिसत नाहीं, पण कीस त्याची साक्ष देतो.

सुई चुंबकावर एकाच दिशेनें तीस-चाळीस वेळां घासा, झाडाच्या पानावर ठेवा आणि पितळेच्या परातींतल्या पाण्यावर सोडा. ती फिरून सुमारें दक्षिणोत्तर थांबेल. तिला वळवितें कोण? लंडनला रॉबर्ट नॉर्मन नांवाचा होकायंत्रें करणारा कारागीर होता. नीट तोललेली सुई चुंबकावर घासली कीं तिचें उत्तरेकडील टोंक खालीं झुके. तें कापतां कापतां एक सुई वायां गेली, तेव्हां तो त्या झुकण्याच्याच मागें लागला आणि १५८१ सालीं त्यावर पुस्तक छापलें. पुढें १६०० सालीं विल्यम गिल्बर्ट या वैद्यानें दाखवून दिलें कीं, आपली पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे. लसूण चोळला म्हणजे चुंबकाची शक्ति जाते, ही जुन्या ग्रंथांतली समजूतही त्यानें खोटी ठरविली. तुमच्या घरीं लसूण आहेच, चोळून पाहा.

लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे लहानपणीं पुस्तकें बांधणाऱ्याकडे उमेदवार होता. त्यानें १८३१ सालीं दाखविलें कीं, तारेच्या वेटोळ्यांत चुंबक आंतबाहेर हलविला म्हणजे तारेंतून वीज वाहते. धरणावरचीं वीज करणारीं यंत्रें याच तत्त्वावर चालतात. तुमच्या विहिरीवरची मोटारही चुंबकाच्याच जोरानें फिरते.

भट्टीवाल्या बंधूंनीं आणखी एक पाहावें. लोखंड चांगलें लाल तापलें कीं चुंबक त्याला धरीत नाहीं. निवालें कीं पुन्हां धरतो. म्हणजे लोखंड असलें कीं ओढलें जाणारच, असेंही नाहीं. तें कोणत्या स्थितींत आहे हें पाहावें लागतें.

आतां त्या कड्याकडे वळूं. रक्तांत लोखंड आहे हें खरें, पण तें खिळ्यासारखें नाहीं. बोट कापलेंच तर थेंबाजवळ चुंबक धरा. थेंब सरकणार नाहीं. इस्पितळांत शरीराचें चित्र घेणाऱ्या एमआरआय यंत्रांत कड्याच्या कितीतरी पट जोराचा चुंबक असतो. त्यांत निजलेल्या माणसाचें रक्तही एका जागीं ओढलें जात नाहीं. कड्यानें सांधेदुखी बरी होते, असें परीक्षेंत ठरलेलें नाहीं.

चुंबकाचा खरा उपयोग गोठ्यांत आहे. गाय चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळते आणि तो पोटांतून काळजापर्यंत टोंचूं शकतो. पशुवैद्य गाईच्या पोटांत गुळगुळीत चुंबक सोडतात, तो हें लोखंड धरून ठेवतो. तेथें लोखंड खरेंच लोखंड आहे, म्हणून चुंबकही खरेंच काम करतो.

ही पिशवी आम्ही येथेंच ठेवून जातों. मुलांना आणि मुलींनाही ती हाताळूं द्या. कडेंवाला पुन्हां आला, तर त्याच्यापुढें आधीं रक्ताचा थेंब ठेवा आणि मग पैशाची गांठ सोडा.